ऑनलाइन कोर्सची समीक्षा कशी करावी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

विद्यापीठांतील ऑनलाइन आणि हायब्रिड (काही भाग वर्गात, काही ऑनलाइन अशा) कोर्सची आखणी तपासणाऱ्यांची आणि ज्यांचा कोर्स तपासला जाणार आहे अशांचीही पत्रे या वेळी आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: विभागाने मला समीक्षा समितीवर घेतले आहे, पण तपासायचा कोर्स माझ्या विषयाचा नाही. शिवाय सहकाऱ्याच्या शिकवण्यावर शेरे मारायचे, हे जड जाते. सुरुवात कुठून करावी?

सहकाऱ्याच्या शिकवण्यावर शेरे मारायचेच नाहीत. तीन गोष्टी आधी मनात वेगळ्या करा: कोर्सची आखणी, प्रत्यक्ष शिकवणे आणि विषयाचा आशय. शिक्षक फोरमवर (कोर्समधल्या ऑनलाइन चर्चेच्या पानावर) किती तत्परतेने उत्तरे देतात, हा शिकवण्याचा भाग झाला. तिसऱ्या मॉड्यूलमधला सिद्धांत जुना झाला आहे का, हा आशयाचा भाग झाला. तुम्ही तपासायची ती फक्त आखणी: हा कोर्स पहिल्यांदा उघडणाऱ्या विद्यार्थ्याला काय शिकायचे, कशातून शिकायचे, कशावर गुण मिळणार आणि अडल्यास कुठे विचारायचे, हे सारे पानावरून कळते का? विषय परका असेल तर इथे फायदाच होतो. जाणकार माणूस सूचनांमधली रिकामी जागा नकळत स्वतःच्या माहितीने भरून वाचतो. तुम्हाला ती रिकामी दिसेल.

विषयाचा जाणकार समितीत लागतोच, कारण स्वाध्यायाची पातळी योग्य आहे का, हे त्यालाच सांगता येते. ऑनलाइन कोर्सची गुणवत्ता तपासणाऱ्या 'क्वालिटी मॅटर्स' या अमेरिकेतल्या संस्थेच्या अधिकृत समीक्षेत तीन समीक्षक असतात. तिघेही स्वतः ऑनलाइन शिकवणारे असतात, त्यांतला किमान एक त्या विषयाचा आणि किमान एक बाहेरच्या संस्थेचा असतो. घरच्या घरी समिती नेमतानाही ही रचना सोडू नये. तिघेही एकाच विभागाचे असले की 'आपल्याकडे असेच करतात' हे वाक्य पुरावा म्हणून वापरले जाते.

कोर्स उघडण्याआधी दोन गोष्टी मागून घ्या. पहिली, विद्यार्थ्याच्या भूमिकेचे लॉगिन. शिक्षकाच्या खात्यातून लपवलेल्या फाइलीही दिसतात, त्यामुळे विद्यार्थ्याला जे दिसतच नाही ते 'आहे' असे तुम्ही लिहून बसता. दुसरी, शिक्षकाने भरलेले एक-दोन पानी टिपण: कोर्सच्या आणि प्रत्येक मॉड्यूलच्या अध्ययन निष्पत्ती (शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवे, ते), कोणता स्वाध्याय कोणत्या निष्पत्तीसाठी, विद्यार्थ्याकडून आठवड्याला किती तासांची अपेक्षा, आणि कोर्सचा काही भाग एलएमएसच्या (कोर्स ज्या ऑनलाइन प्रणालीवर चालतो तिच्या) बाहेर होत असेल तर तो कुठे. कोर्स निदान एकदा तरी पूर्ण शिकवून झालेला असावा. अर्धवट तयार कोर्स तपासायला घेतला तर 'हे नंतर येणार आहे' या उत्तरापुढे समीक्षा थांबते.

प्रश्न: कोणते रुब्रिक (तपासणीच्या निकषांचा तक्ता) वापरावे? आमच्याकडे ११० मुद्द्यांची यादी आहे आणि प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण द्यायचे असतात. ती भरताना सगळेच थकून जातात.

ती यादी बाजूला ठेवा. १ ते ५ या पट्टीत बहुतेक सगळे समीक्षक ३ किंवा ४ वर स्थिरावतात आणि सरासरीत खरा दोष बुडून जातो. एकाही व्हिडिओला उपशीर्षके नाहीत, पण पान सुंदर दिसते, म्हणून एकूण ३.८. या आकड्यावरून शिक्षकाने नेमके काय दुरुस्त करायचे?

क्वालिटी मॅटर्सचे काम २००३ मध्ये मेरीलँडमधल्या संस्थांच्या एका अनुदानित प्रकल्पातून सुरू झाले. त्यांच्या उच्च शिक्षणाच्या रुब्रिकमध्ये आठ मुख्य निकष आहेत. २०१८ च्या सहाव्या आवृत्तीत त्याखाली ४२ उपनिकष होते, २०२३ च्या सातव्या आवृत्तीत ४४ आहेत. प्रत्येकाला ३, २ किंवा १ असे ठरलेले वजन आहे आणि गुण अर्धवट देता येत नाहीत. निकष पुरा झाला किंवा नाही झाला, एवढेच. तीन समीक्षकांपैकी दोघांनी 'पुरा' म्हटले की गुण मिळतात. उत्तीर्ण होण्यासाठी ३ गुणांचे सगळेच निकष पुरे व्हावे लागतात आणि शिवाय एकूण गुण किमान ८५ टक्के लागतात. ही दुहेरी अट महत्त्वाची आहे. तिच्यामुळे छोट्या गोष्टींचे गुण जमवून मोठा दोष झाकता येत नाही.

दुसरा चांगला पर्याय म्हणजे न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाचे 'ऑस्कर' या नावाने ओळखले जाणारे रुब्रिक. ते खुल्या परवान्याखाली आहे आणि त्यात ५० निकष आहेत. त्याची सर्वांत उपयोगी गोष्ट अशी की, समीक्षक गुण देत नाही, दुरुस्तीला लागणारा वेळ सांगतो: अर्ध्या तासापर्यंत, अर्धा ते दोन तास, किंवा दोन तासांहून जास्त. शिक्षकाच्या हातात निकालपत्र पडत नाही, कामाची यादी पडते. संस्थेत समीक्षा नव्याने सुरू होत असेल आणि शिक्षक धास्तावलेले असतील तर आम्ही यानेच सुरुवात करायला सांगू.

स्वतःचे रुब्रिक करायचेच असेल तर २० ते २५ निकषांवर थांबा. प्रत्येक निकषाखाली 'पुरावा कुठे सापडेल' याची एक ओळ लिहा. ती ओळ लिहिता येत नसेल तर तो निकष तपासण्याजोगा नाही.

प्रश्न: निष्पत्ती, साहित्य आणि मूल्यमापन यांची सांगड तपासा, असे प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. प्रत्यक्षात ती तपासायची कशी? आम्ही वाचतो, सगळे ठीकच वाटते.

वाचून ती दिसत नाही, मांडून दिसते. समीक्षेच्या एकूण वेळातला निम्मा वेळ याच कामाला द्यावा, असे आमचे मत आहे. पानाची मांडणी, रंग, चिन्हे नंतरही सुधारता येतात, पण सांगड चुकलेल्या कोर्समध्ये विद्यार्थी एक शिकतो आणि परीक्षा दुसऱ्याच गोष्टीची होते. शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये या विचाराची नीट मांडणी केली. त्याचा गाभा साधा आहे: विद्यार्थ्याला जे करता यायला हवे, तेच त्याच्याकडून करवून घ्या आणि तेच तपासा.

स्प्रेडशीट उघडा. डावीकडे कोर्सच्या निष्पत्ती, एका ओळीत एक. पुढचे चार रकाने: मॉड्यूलच्या निष्पत्ती, मूल्यमापन, सराव, साहित्य. भरताना मूल्यमापनाचा रकाना आधी भरा, कारण कोर्सचा खरा हेतू तिथेच उघड होतो. स्वाध्यायाचे नाव लिहून पुढे जाऊ नका. स्वाध्याय उघडा, प्रश्न वाचा, आणि विद्यार्थ्याला नेमकी कोणती क्रिया करावी लागते, ते क्रियापद लिहा.

एक उदाहरण घेऊ. संख्याशास्त्राच्या प्राथमिक कोर्समध्ये निष्पत्ती अशी आहे: 'दिलेल्या माहितीसाठी योग्य चाचणी निवडणे, ती करणे आणि निष्कर्ष सामान्य वाचकाला कळेल असा लिहिणे.' निष्पत्ती चांगली आहे, मोजता येण्याजोगी आहे. मूल्यमापनात सहा बहुपर्यायी क्विझ आणि एक अंतिम परीक्षा. परीक्षेतले प्रश्न असे सुरू होतात: 'टी-चाचणी वापरून पुढील दोन गटांच्या सरासरींची तुलना करा.' वरवर पाहता सांगड दिसते. पण चाचणीचे नाव प्रश्नातच दिले आहे, म्हणजे 'निवडणे' कुठेच तपासले गेले नाही. उत्तर एक आकडा आहे, म्हणजे 'लिहिणे'ही तपासले गेले नाही. तीन क्रियापदांपैकी एकच मोजले जाते. दुरुस्ती फार मोठी नाही. प्रश्नातून चाचणीचे नाव काढायचे. तीन वेगवेगळ्या माहितीसंचांची वर्णने देऊन कोणत्याला कोणती चाचणी आणि का, हे विचारायचे. शेवटी १५० शब्दांत निष्कर्ष लिहायला सांगायचे. मात्र एवढे केले की साहित्याचा रकानाही बदलतो: निष्कर्ष कसा लिहितात याचे दोन-तीन नमुने कोर्समध्ये हवेत आणि गुण नसलेला एक सरावही आधी हवा. पहिल्यांदाच करायची गोष्ट थेट गुणांसाठी करायला लावणे हा सांगडीतला सर्वांत दुर्लक्षित दोष आहे.

तक्ता भरून झाला की या चार जागा पाहा. एक, निष्पत्ती आहे पण मूल्यमापन नाही. 'गटात काम करता येणे' आणि 'तोंडी सादरीकरण करणे' या दोन निष्पत्ती हमखास अशा अनाथ असतात, कारण वर्गातला कोर्स ऑनलाइन नेताना सादरीकरण गळते आणि निष्पत्ती तशीच राहते. दोन, मूल्यमापन आहे पण निष्पत्ती नाही. फोरमवरच्या सहभागाला १५ टक्के गुण आणि संवादाबद्दल एकही निष्पत्ती नाही, हे याचे नेहमीचे रूप. तीन, पातळी जुळत नाही: निष्पत्तीत 'विश्लेषण', परीक्षेत व्याख्या. चार, मॉड्यूलची निष्पत्ती म्हणून प्रकरणाचे शीर्षकच लिहिलेले असते.

क्रियापदांबद्दल एक सावधगिरी. 'समजून घेणे', 'जाणणे', 'परिचय होणे' ही मोजता येत नाहीत, हे खरे. म्हणून शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या १९५६ च्या वर्गीकरणावरून किंवा त्याच्या २००१ च्या सुधारित रूपावरून केलेल्या क्रियापदांच्या याद्या वाटल्या जातात. यादीतून शब्द उचलून वाक्य सजवले की निकष पुरा झाला, असे मानू नका. 'वर्णन करणे' हे एका ठिकाणी पाठांतर असते, तर दुसऱ्या ठिकाणी गुंतागुंतीच्या घटनेचे बारकाईने केलेले निरीक्षण. कोणते, ते प्रश्नपत्रिकेवरूनच कळते.

प्रश्न: माझ्या कोर्समध्ये प्रत्येकी ५० मिनिटांची २४ व्याख्याने रेकॉर्ड केलेली आहेत. समीक्षकांनी लिहिले, 'व्हिडिओ ६ मिनिटांपेक्षा मोठा नसावा.' असा नियम आहे का?

नियम नाही. हा आकडा फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांच्या २०१४ च्या अभ्यासातून आला. त्यांनी एडएक्स या खुल्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्समधली पाहण्याची सुमारे ६९ लाख सत्रे तपासली आणि असे आढळले की, व्हिडिओ कितीही लांब असला तरी एका बैठकीत तो पाहण्याचा मध्यक काळ ६ मिनिटांच्या वर जात नव्हता. हे मोजमाप पाहण्याचे आहे, शिकण्याचे नाही, आणि ते मोफत खुल्या कोर्समधल्या विद्यार्थ्यांचे आहे. पदवीसाठी शुल्क भरून बसलेला विद्यार्थी वेगळा वागू शकतो.

तरीही ५० मिनिटांचे सलग रेकॉर्डिंग ही आखणीतली खरी अडचण आहे, लांबी हे तिचे फक्त एक रूप. परीक्षेच्या आधी विद्यार्थ्याला एकच संकल्पना पुन्हा पाहायची असते, आणि ती ३१ व्या मिनिटाला आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून घड्याळाकडे पाहून कापू नका, विषय जिथे वळतो तिथे कापा. बहुतेक व्याख्यानांचे चार ते सहा तुकडे होतात. काही ४ मिनिटांचे, काही १३ मिनिटांचे. गणितातली एक सिद्धता मध्येच तोडण्यापेक्षा १५ मिनिटे सलग ठेवलेली बरी. प्रत्येक तुकड्याला आशय सांगणारे शीर्षक आणि शेजारी मिनिटे द्या. 'व्याख्यान ७ भाग २' हे शीर्षक नव्हे. कापण्याला वेळच नसेल तर निदान वर्णनात वेळेच्या खुणा द्या. ते काम एका व्हिडिओला दहा-पंधरा मिनिटांचे आहे.

कापताना 'पुढच्या मंगळवारी परीक्षा आहे', 'मागच्या तासाला विचारलेला प्रश्न' अशी वाक्येही काढून टाका. पुढच्या सत्रातले विद्यार्थी त्यांनी गोंधळतात.

प्रश्न: सुलभतेचे (अपंग विद्यार्थ्यांनाही कोर्स वापरता यावा यासाठीचे) निकष तांत्रिक वाटतात. संगणकातले फारसे न कळणाऱ्या समीक्षकाला ते तपासता येतील का?

बरेचसे येतात, तेही अर्ध्या-पाऊण तासात. संपूर्ण कोर्स चाळत बसू नका. मुख्य पान, एक मॉड्यूल, एक स्वाध्याय, एक क्विझ, तीन दस्तऐवज आणि तीन व्हिडिओ निवडा.

माउस बाजूला ठेवा आणि टॅब कळीने पान फिरा. आपण आत्ता कुठे आहोत ते दिसते का? प्रत्येक दुव्यावर पोहोचता येते का? क्विझ पूर्ण करून सादर करता येते का? ओढून-टाकून जोड्या लावायच्या प्रश्नांवर आणि बाहेरून जोडलेल्या साधनांवर गाडी बहुधा इथेच अडते. दृष्टिहीन विद्यार्थी आणि ज्यांना हाताने माउस चालवता येत नाही असे विद्यार्थी, दोघांनाही कळफलकावाचून मार्ग नसतो, म्हणून हा दोष आढळल्यास तो अहवालात सर्वांत वर लिहा.

मग पीडीएफ उघडा आणि एक ओळ माउसने निवडून पाहा. निवडता आली नाही, किंवा पूर्ण पान एकदमच निळे झाले, तर ते स्कॅन केलेले चित्र आहे आणि स्क्रीन रीडरच्या (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) दृष्टीने पान कोरे आहे. जुन्या पुस्तकांतली प्रकरणे जवळजवळ नेहमी अशीच असतात. मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढल्यावरही ते एकदा वाचून पाहावे लागते. जोडाक्षरे, गणिती सूत्रे आणि दोन स्तंभांची पाने यांत चुका राहतात.

शीर्षके खरी शीर्षके आहेत का ते पाहा. अक्षर मोठे आणि ठळक केले की माणसाला ते शीर्षक वाटते, पण स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थी शीर्षकांवरून उड्या मारत पान वाचतो, आणि संपादकातली 'हेडिंग' शैली लावलेली नसेल तर त्याला पान म्हणजे एकच अखंड परिच्छेद. चित्रांना पर्यायी मजकूर (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो ते वर्णन) हवा. तो चित्राचे काम सांगणारा असावा: 'आलेख' असे नव्हे, तर 'तापमान वाढते तसा वेग वाढतो, ४० अंशांनंतर झपाट्याने घटतो' असे. दुव्यांची नावे 'इथे क्लिक करा' अशी नसावीत.

रंगाबद्दल डब्ल्यूसीएजी या वेबपानांच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत नेमके आकडे आहेत. त्यांची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. एए या मधल्या पातळीला साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी रंगभेद किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. मोजणारी साधने ब्राउझरमध्ये फुकट मिळतात. शिक्षक महत्त्वाची सूचना ज्या भडक लाल रंगात लिहितात, तो शुद्ध लाल पांढऱ्यावर जेमतेम ४ ला १ भरतो, म्हणजे नेमकी महत्त्वाची ओळच निकषात बसत नाही. थोडा गडद लाल घ्यावा आणि 'महत्त्वाचे' हा शब्दही लिहावा, कारण अर्थ फक्त रंगातून पोहोचवायचा नसतो.

व्हिडिओची उपशीर्षके चालू करून कोणतीही दोन मिनिटे पाहा. आपोआप तयार झालेली असतील तर बोललेले साधे वाक्य बरोबर येते आणि पारिभाषिक संज्ञा, नावे व आकडे चुकतात. म्हणजे परीक्षेत येणारे शब्दच चुकीचे. ती सुधारलेली नसतील तर 'उपशीर्षके आहेत' असे लिहू नका.

प्रश्न: हायब्रिड कोर्समध्ये नेमके काय तपासायचे? एलएमएसवरचे पान की वर्गातले तास?

दोन्हींमधला सांधा. हायब्रिड कोर्स बिघडतो तो बहुधा वेळेच्या हिशोबात. समजा, विद्यार्थ्याकडून आठवड्याला एकूण ९ तासांची अपेक्षा आहे. आधी ३ तास वर्ग आणि ६ तास स्वतःचा अभ्यास असे होते. हायब्रिड करताना वर्ग दीड तासावर आला. त्या जागी दीड तासाचे व्हिडिओ, अर्ध्या तासाची क्विझ आणि एक तासाचा फोरम आला. घरचा ६ तासांचा अभ्यास मात्र कोणी कमी केला नाही. बेरीज १०.५ तास. दर आठवड्याला दीड तास जास्तीचा, आणि श्रेयांक तेवढेच. या दोषाला इंग्रजीत 'कोर्स अँड अ हाफ' असे नावच पडले आहे. समीक्षकाने निदान दोन आठवड्यांची अशी बेरीज स्वतः मांडावी, त्यातला एक आठवडा सत्राच्या मध्यावरचा असावा.

दुसरी तपासणी अशी: प्रत्येक तासाच्या आधी काय करून यायचे, तासात त्याचा उपयोग कसा होणार आणि तासानंतर ते कुठे पुढे जाणार, हे पानावर लिहिलेले आहे का? वर्गातला तास तुम्हाला पाहायचा नाही, पण त्याची आखणी लेखी हवी. 'मंगळवार: वर्ग' एवढेच असेल तर समीक्षेसाठी तो भाग अस्तित्वात नाही. व्हिडिओत सांगितलेलेच वर्गात पुन्हा सांगितले जात असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून विद्यार्थी व्हिडिओ पाहणे सोडतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

वर्गात यायचे की ऑनलाइन, हे विद्यार्थीच दर वेळी ठरवतो अशा हायफ्लेक्स कोर्सला आणखी एक कसोटी लागते. ब्रायन बीटी यांनी मांडलेली त्याची चार तत्त्वे आहेत: निवड, समतुल्यता, पुनर्वापर आणि सुलभता. त्यांतले समतुल्यतेचे तत्त्व सर्वाधिक मोडते. वर्गातल्यांना गटचर्चा आणि घरी बसलेल्यांना तिचे रेकॉर्डिंग, ही समतुल्यता नव्हे. घरच्यांसाठी तीच चर्चा वेगळ्या गटात, त्याच प्रश्नावर, त्याच रुब्रिकने व्हायला हवी.

प्रश्न: विद्यार्थी तक्रार करतात की, 'कोर्समध्ये काही सापडत नाही' आणि 'गुण कसे धरले कळत नाही'. समीक्षेत हे पकडता येते का?

पकडता येते. घड्याळ लावा आणि विद्यार्थ्याच्या लॉगिनने चार गोष्टी शोधा: सुरुवात कुठून करायची, या आठवड्यात काय करायचे, उशिरा दिलेल्या स्वाध्यायाचे काय होते, शिक्षकाशी संपर्क कसा करायचा आणि उत्तर किती वेळात येते. एखादी गोष्ट मिनिटभरात सापडली नाही तर तो दोष आहे. उशिराच्या नियमासाठी पाठ्यक्रमपत्रिका, स्वाध्यायाचे पान आणि एलएमएसची सेटिंग हे तिन्ही पाहा. तीन ठिकाणी तीन नियम असणे फार सर्रास आढळते.

गुणांची बेरीज हाताने करून पाहा. पत्रिकेत 'फोरम १० टक्के' लिहिले आहे. गुणपुस्तकात मात्र वजन लावलेले नाही, नुसती बेरीज आहे: १२ फोरम प्रत्येकी १० गुणांचे, ६ क्विझ प्रत्येकी २० च्या, प्रकल्प १००, परीक्षा १००. एकूण ४४०, आणि त्यात फोरमचे १२०, म्हणजे जवळपास २७ टक्के. विद्यार्थ्याला सत्रभर पडद्यावर दिसणारी टक्केवारी आणि निकालात लागणारी टक्केवारी वेगळी येते. गुणपुस्तकात गटवार वजन लावले की हा प्रश्न सुटतो.

प्रश्न: फोरमवर 'एक पोस्ट, दोन प्रतिसाद' हा नियम आहे. त्याने परस्परसंवादाचा निकष पुरा होतो का?

मोजणीपुरता होतो. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये संवादाचे तीन प्रकार सांगितले: विद्यार्थ्याचा आशयाशी, शिक्षकाशी आणि इतर विद्यार्थ्यांशी. समीक्षकाने तिन्ही शोधावेत. विद्यार्थ्यांमधल्या संवादासाठी प्रश्नच असा हवा की, प्रतिसाद दिल्यावाचून काम पुढे सरकणार नाही. 'या प्रकरणाचा सारांश लिहा' या प्रश्नावर ४० सारखी उत्तरे येतात आणि 'छान लिहिले आहे' यापलीकडे प्रतिसादात लिहिण्यासारखे काही उरत नाही. प्रत्येकाला वेगळे प्रकरण, वेगळी बाजू किंवा वेगळा माहितीसंच द्या. पहिल्या पोस्टची आणि प्रतिसादांची मुदतही वेगळी हवी, निदान तीन दिवसांच्या अंतराने. दोन्ही रविवारी रात्री असतील तर सगळ्या पोस्ट रविवारी रात्रीच पडतात.

प्रश्न: स्वाध्यायात एआय वापरण्याबद्दल कोर्समध्ये काय लिहिलेले असावे?

संस्थेचे सर्वसाधारण धोरण जोडून भागत नाही. प्रत्येक स्वाध्यायाच्या पानावर काय चालेल, काय चालणार नाही आणि वापर केल्यास तो कसा नमूद करायचा, हे दोन-तीन ओळींत हवे. एकाच कोर्समध्ये एका स्वाध्यायात मुभा आणि दुसऱ्यात मनाई असू शकते. मग कारणही लिहावे, आणि ते निष्पत्तीशी जोडलेले असावे. 'स्वतः मसुदा लिहिणे' ही निष्पत्ती असेल तर मनाई समजते. समीक्षकाने आणखी एक पाहावे: सगळे गुण शेवटच्या लेखी तुकड्यालाच आहेत, की आराखडा, पहिला मसुदा, त्यातले बदल यांनाही काही गुण आहेत.

प्रश्न: अहवाल वाचून शिक्षक दुखावतात. कठोर मुद्दा कसा लिहावा?

'सूचना अस्पष्ट आहेत, सुधारणा करावी' हे वाक्य लिहू नका. त्यात पुरावा नाही आणि उपायही नाही, म्हणून ते माणसावरचा शेरा वाटते. त्याऐवजी असे लिहा: 'मॉड्यूल ४ च्या प्रकल्पात शब्दमर्यादा, फाइलचा प्रकार आणि संदर्भांची पद्धत दिलेली नाही. मॉड्यूल २ च्या स्वाध्यायात या तिन्ही गोष्टी उत्तम दिल्या आहेत. तोच आराखडा इथे वापरल्यास अर्ध्या तासात काम होईल.' यात जागा आहे, कमतरता आहे, उपाय आहे, लागणारा वेळ आहे. शिवाय नमुना शिक्षकाच्याच कोर्समधला आहे, त्यामुळे तो मान्य व्हायला वेळ लागत नाही.

पुऱ्या झालेल्या निकषांखालीही लिहा, आणि नेमके लिहा. चांगले काय झाले ते शिक्षकाला कळले नाही तर पुढच्या दुरुस्तीत तेच मोडले जाण्याची भीती असते. एखाद्या निकषावर समीक्षकांचे दुमत झाले तर आधी दोघांनी आपापला पुरावा पानाच्या नावासकट समोर ठेवावा. निम्म्या वेळा एकाला ते पान सापडलेलेच नसते, आणि तीच नोंद अहवालात यायला हवी. त्यानंतरही मतभेद उरला तर बहुमत घ्यावे आणि अल्पमतातली सूचनाही शिक्षकाला द्यावी.

अहवालात ३० दुरुस्त्या निघाल्या तर त्या तीन भागांत द्या: सत्र सुरू होण्याआधी अटळ असलेल्या, या सत्रात जमल्यास करायच्या, आणि पुढच्या सत्रापर्यंत चालतील अशा. पहिल्या भागात सातपेक्षा जास्त नकोत.

प्रश्न: एकदा समीक्षा झाली की कोर्स पुन्हा केव्हा तपासावा?

पूर्ण समीक्षा पाठ्यपुस्तक, एलएमएस किंवा निष्पत्ती बदलल्यावर. एक सत्र १५ आठवड्यांवरून ८ वर आणले तरीही, कारण आठवड्याचे तास जवळजवळ दुप्पट होतात आणि फोरमच्या मुदती कोलमडतात. इतर वेळी कोर्सची प्रत नव्या सत्रात नेली की दोन तासांची तपासणी पुरते. तारखा आधी पाहा, विशेषतः सूचनांच्या मजकुरात हाताने लिहिलेल्या, कारण सेटिंगमधल्या तारखा एलएमएस एकदम पुढे सरकवू शकते, वाक्यातल्या सरकवत नाही. मग दुवे तपासणारे साधन चालवा आणि ग्रंथालयाचे दुवे त्याशिवाय हाताने, संस्थेच्या जाळ्याबाहेरून उघडून पाहा. कार्यालयात बसून ते नेहमीच उघडतात, घरून लॉगिन मागतात किंवा मुदत संपलेली असते. बाहेरून जोडलेली साधने विद्यार्थ्याच्या खात्यातून एकदा चालवून बघा, कारण प्रत करताना त्यांची जोडणी जुन्याच कोर्सकडे राहते आणि नव्या विद्यार्थ्यांचे गुण तिकडे जमा होतात.